थैलीचे सहउद्घाटक

सावली गावाच्या बसस्टँडमागे ‘न्यू सुरय्या पब्लिसिटी’ नावाचा गाळा आहे. जुनी सुरय्या पब्लिसिटी कधीच नव्हती. मालक नईमभाईंचं म्हणणं असं, की पाटीवर ‘न्यू’ असलं की मागं काहीतरी चाललेलं होतं, हे गिऱ्हाईक आपणहून समजून घेतं. सुरय्या या त्यांच्या पत्नी. त्यांना विचारलं तर त्या सांगतात, न्यू पण मीच आणि जुनी पण मीच.

नईमभाईंनी सुरुवात केली ती ऑटोवर भोंगा बांधून. धान निघालं की झाडीपट्टीत गावोगाव मंडया, म्हणजे जत्रा भरतात, मंडईला नाटक लागतं आणि नाटकाला पॅम्प्लेट लागतं. पॅम्प्लेटवर नाटकाचं नावही असतं, शोधलं तर सापडतं. बाकी सगळी जागा उद्घाटक, सहउद्घाटक, अध्यक्ष, उपाध्यक्ष, दीपप्रज्वलक आणि विशेष अतिथी यांची. बाहेरच्या माणसाला ती मतदारयादी वाटते. नईमभाई हे पॅम्प्लेट लिहितात आणि मग गावोगाव भोंग्यावरून वाचतात. आजवर एकही नाव सुटलं नाही आणि एकही वरखाली झालं नाही, असं ते सांगतात. यातला पहिला भाग खरा आहे.

जाहिरातीचं काम मागायला गेले तरी त्यांची रीत हीच. दुकानदारापुढे उभं राहायचं, घरातल्या थोरापासून शेंडेफळापर्यंत सगळ्यांचं नाव मानाने घ्यायचं, मग काम सांगायचं. कामापर्यंत पोचेस्तोवर चहा संपलेला असे.

त्यांची मुलगी तहसीन नागपूरला जाहिरातीचा कोर्स करून आली, तेव्हा तिने ही रीत एकदाच पाहिली आणि दुसऱ्यांदा पाहायला नको म्हणून नागपुरातल्या एका कंपनीत अर्ज टाकला. कंपनीने बोलावलंही. नईमभाईंनी महिनाभराची मुदत मागून घेतली. चामोर्शीचे राईसमिलवाले देवाजीभाऊ आपला तांदूळ थैलीत भरून विकणार होते आणि जाहिरातीसाठी माणूस पाहत होते. ते काम मिळालं तर तहसीन सावलीत राहील, नाही तर नागपूर, असं ठरलं. बापलेक घरात हिंदी बोलतात, पण धंद्याचं भांडण झाडीबोलीत चालतं.

“अब्बू, मी प्रेझेंटेशन देईन. तुमी तोंड उघडायचं नाई.”

“नाई उघडत. पण मले सांग, पयल्या स्लाइडवर काय हाये?”

“तांदळाचा फोटो.”

“आन मानसं?”

“मानसं समोर बसून राहतीन ना!”

नईमभाई गप्प बसले. ते गप्प बसले की सुरय्याबाईंना काळजी वाटते.

मिलच्या ऑफिसात देवाजीभाऊ, थोरला मुलगा धनराज आणि धाकटा आदेश असे तिघे होते. भिंतीवर पांढरी चादर लावलेली होती. तहसीनने लॅपटॉप जोडला आणि बटण दाबलं. चादरीवर तांदूळ आला नाही. दोन्ही बाजूंना समई, मध्ये गुलाबाची वेल, आणि खाली :

अध्यक्ष : मा. श्री. देवाजीभाऊ
उद्घाटक : मा. श्री. धनराजभाऊ
सहउद्घाटक : मा. श्री. आदेशभाऊ

नईमभाईंनी ही स्लाइड फ्लेक्सवाल्या सुरजकडून गुपचूप बसवून घेतली होती. तोंड त्यांनी उघडलं नव्हतं. तहसीनने त्यांच्याकडे पाहिलं. ते समईकडे पाहत होते.

ती पुढची स्लाइड काढणार तोच आदेश म्हणाला, “थांबा, थांबा. मी सह काऊन?”

“लहान हायेस म्हून,” धनराज म्हणाला.

“थैलीची आयडिया कोनाची?”

“मिल कोन चालवून राह्यला?”

“चालवून राह्यला! पट्टा तुटला तवा तू सासुरवाडीत मुरमुरे खाऊन राह्यला होता!”

देवाजीभाऊंना आपण अध्यक्ष झाल्याचं समाधान होतं. त्यामुळे ते तटस्थ राहिले.

तहसीनने मध्येच तांदळाचा फोटो लावून पाहिला. “आपण या तांदळाले ‘टायगर पर्ल’ नाव देऊ शकतो. ताडोब्याच्या पर्यटकांना...”

“वाघ भात खाते का गा?” देवाजीभाऊंनी नईमभाईंना विचारलं.

“नाई खात,” नईमभाई म्हणाले, आणि तोंड उघडलं गेल्याचं लक्षात येऊन पुन्हा मिटलं.

“मांगची लावा वो म्याडम,” आदेश म्हणाला. “ते समईवाली.”

समईवाली पुन्हा लागली. भांडण जिथं थांबलं होतं तिथून सुरू झालं. काम हातचं गेलं हे नईमभाईंना दिसत होतं. कामासोबत आणखी कोण जाणार, हेही दिसत होतं. ते चपला शोधू लागले.

तहसीन मात्र चादरीकडे पाहत होती. तिच्या तयारीच्या सगळ्या स्लाइडांकडे या माणसांनी मिळून एक मिनिटही पाहिलं नसतं, आणि हीच तीन ओळींची स्लाइड त्यांना सोडवत नव्हती. तिने लॅपटॉप बंद केला.

“धनराजभाऊ, पॅम्प्लेटवर नाव छापलं आन मानूस नाटकाले आला नाई, असं झालं कधी?”

“कसं होईन? ज्याचं नाव हाये तो पयल्या रांगेत राहते. सोयऱ्यांले घेऊन राहते.”

“मंग आपण गावोगाव थैलीचं उद्घाटन करू. गावातलेच उद्घाटक, गावातलेच दीपप्रज्वलक, गावातलेच अतिथी. वीस-पंचवीस नावं छापू. तेवढी घरं तर येतीनच, आन आले का रिकाम्या हातानं जानार नाई. अब्बू भोंग्यावर नावं वाचतीन.”

आदेश खुर्चीत पुढे सरकला. “आन आमचं?”

“एका गावात उद्घाटक तुमी, सहउद्घाटक धनराजभाऊ. दुसऱ्या गावात उलटं.”

देवाजीभाऊंनी विचार केला. “आन मी?”

“तुमी सगळीकडे अध्यक्ष.”

“पोरगी हुशार हाये, नईमभाऊ,” देवाजीभाऊ म्हणाले आणि चहा सांगितला. काम ठरलं. अट एकच, दोन्ही भावांनी एका सुरात घातलेली : गावं सम संख्येत असावीत. त्यामुळे यादीत एक गाव वाढवावं लागलं आणि न्यू सुरय्या पब्लिसिटीचं काम तेवढं वाढलं.

तांदळाला नाव द्यायचं तेवढं राहून गेलं. कोणाच्या लक्षात आलं नाही. गावोगाव लोक ‘उद्घाटनाचा तांदूळ’ मागतात.

तहसीन सावलीतच आहे. पहिलं पॅम्प्लेट छापून आलं तेव्हा नईमभाईंनी ते वरपासून खालपर्यंत वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. आपलं नाव त्यांना अगदी तळाशी सापडलं, ‘आणि समस्त गावकरी’च्याही खाली : माइक सौजन्य, नईमभाई.

“बेटा, मले निदान सहउद्घाटकात तरी...”

“अब्बू,” तहसीन पुढच्या गावाची नावं लिहीत म्हणाली, “तोंड उघडायचं नाई, असं ठरलं होतं.”