‘कुठलं दुःख?’

कुणी ‘दुःख’ म्हटलं की मॅडम चष्मा कपाळावर सरकवायच्या आणि विचारायच्या, “कुठलं?”

आमच्या शिपाईमामांनी एकदा चहा ठेवता ठेवता सांगितलं, “मॅडम, लई दुःख वाटून राहिलं बघा. कालची मॅच हातातली गेली.”

“कुठलं?” मॅडमनी विचारलं.

“इंडियाची, मॅडम. दुसरी कुठली?”

स्टाफरूम हसली. मॅडमही हसल्या, पण त्यांच्या प्रश्नाचं उत्तर काही मिळालेलं नव्हतं. ते त्यांना कधीच मिळायचं नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल, एका शब्दापाशी अडून बसणारं. आपण त्याला विक्षिप्त म्हणतो आणि पुढे जातो. मीही सुरुवातीला तेच करत होते.

नांदेडच्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी मराठी शिकवायचे आणि त्या इंग्रजी. माझं माहेर लातूरचं, त्यांचं लोह्याजवळच्या एका खेड्यातलं. घरची शेती. भावंडांत शिकलेल्या त्या एकट्या. वर्गात त्यांचं इंग्रजी कडक इस्त्रीचं असायचं, मराठीही पुस्तकी. पण राग आला किंवा माया दाटली की लोहा बाहेर यायचं. “अगं, जेवली का न्हाई तू?” असं त्या मुलींना विचारायच्या, तेव्हा वर्गात कधी न बोलणाऱ्या मुलीही बोलायला लागायच्या.

बारावीच्या धड्यात ‘ग्रीफ’ हा शब्द होता, पुढच्या एका कवितेत ‘अँग्विश’. मुलं वापरायची त्या गाईडमध्ये दोन्हींपुढे एकच अर्थ छापलेला, ‘तीव्र दुःख’. मॅडम दरवर्षी सगळ्यांना पेन काढायला लावायच्या आणि ‘अँग्विश’पुढचा अर्थ खोडायला सांगायच्या. छापलेलं खोडायचं म्हणजे मुलांच्या जिवावर यायचं.

“ग्रीफ म्हणजे झालेल्या गोष्टीचं,” त्या सांगायच्या. “आजी वारली, तुम्ही रडलात. महिन्यानं कमी रडलात. ते ग्रीफ. आणि आजी दवाखान्यात आहे, डॉक्टर काही सांगत नाहीत, तुम्ही बाहेर बाकावर बसून आहात. रडावं तर अपशकुन, हसावं तर मन होत नाही. ते अँग्विश.”

“मॅडम, परीक्षेत फरक विचारतात का?” मागून कुणीतरी विचारायचं.

“परीक्षेत न्हाई विचारत,” त्या म्हणायच्या.

मग मधल्या सुट्टीत माझ्याकडे यायच्या. “तुमच्या मराठीत या दुसऱ्याला काय म्हणायचं?” मी वेदना म्हणून पाहिलं. “वेदना दाढेलाही होते.” तळमळ म्हटलं. “तळमळ समाजसेवकांना असते.” व्याकुळता म्हटल्यावर त्या नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या, आणि मलाच त्या शब्दाची लाज वाटली.

एकदा एका निवृत्त प्राध्यापकांचं निधन झालं. प्राचार्यांनी शोकप्रस्ताव इंग्रजीत लिहिला आणि नजरेखालून घालायला मॅडमकडे पाठवला. त्यात ‘आम्ही सर्व अँग्विशमध्ये आहोत’ अशा अर्थाचं वाक्य होतं. मॅडम कागद घेऊन केबिनमध्ये गेल्या. मी काही कामासाठी तिथेच बसले होते.

“सर, ते गेल्याचं नक्की ना?”

“म्हणजे काय मॅडम? मी स्वतः अंत्यविधीला होतो.”

“मग ग्रीफ लिहा,” त्या शांतपणे म्हणाल्या. “तुमचं सोपं आहे.”

प्राचार्य मान खाली घालून तो शब्द बदलू लागले. बाहेर आल्यावर मी हसू दाबत होते, पण मॅडमच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू तिथेच राहिलं.

मॅडमच्या घरचं सगळ्यांना माहीत होतं. त्यांचे यजमान पाटबंधारे खात्यात नोकरीला होते. गल्ली त्यांना साहेब म्हणायची. अबोल, भला माणूस. मध्ये कधीतरी त्यांचं मन बिघडलं. झोप गेली, बोलणं तुटक झालं, औषधं सुरू झाली. एका सकाळी चहा घेऊन ते “जरा पाय मोकळे करून येतो” म्हणाले आणि गेले, ते परत आले नाहीत. कुणी म्हणालं गोदावरीच्या घाटावर दिसले, कुणी म्हणालं बसस्टँडवर. नदीत शोध घेतला, काही सापडलं नाही. पोलिसांत तक्रार झाली, नातेवाईक चारी दिशांना फिरून आले. मुलगी तेव्हा शिकत होती. पुढे तिचं लग्न झालं, ती पुण्याला गेली. मॅडम त्याच घरात राहिल्या.

काही वर्षांनी त्यांचे धाकटे दीर गावाहून आले. मी त्या दिवशी त्यांच्याकडे जेवायला होते. जेवण झाल्यावर दीर खाली मान घालून म्हणाले, “वहिनी, आता किती दिवस असं? कोर्टातून दादा गेल्याचा दाखला करून घेऊ. नंतर घाटावर विधी करू. त्याच्या जीवालाबी शांती, तुमच्याबी.”

मॅडम ताटं उचलत होत्या. “भाऊजी, तुम्ही वाईट सांगून राहिलात असं मी म्हणत न्हाई,” त्या म्हणाल्या. “पर पिंड ठेवला आन दुसऱ्या दिवशी माणूस दारात आलं, तर मी काय सांगू?”

जाताना अंगणात थांबून दीरांनी डोळे पुसले. तेही भावाची वाटच पाहत होते, हे मला तेव्हा दिसलं.

पुण्याच्या मुलीला एकदा व्हॉट्सॲपवर एक फोटो आला. निजामाबादच्या एका आश्रमात रस्त्यावर सापडलेली, घरचा पत्ता न आठवणारी माणसं ठेवत. त्यांतला एक म्हातारा मराठी बोलतो, कुणी ओळखत असेल तर कळवा, असा निरोप होता. फोटोत दाढी छातीपर्यंत, डोळे अर्धे मिटलेले. मुलीनं तो आईला पाठवला आणि फोन करून रडली. तिला नक्की सांगता येत नव्हतं. मॅडमलाही येत नव्हतं.

“तुम्ही येता का सोबत?” त्यांनी मला विचारलं. आम्ही सकाळची गाडी धरली. मॅडमनी डबा घेतला होता. ज्वारीच्या भाकरी, शेंगदाण्याची चटणी, वांग्याची भाजी. साहेबांच्या आवडीचं. बासरला गाडी थांबली तेव्हा मी चहा घेता का विचारलं. त्यांना ऐकू गेलं नाही.

आश्रमाच्या आवारात लिंबाच्या झाडाखाली तो माणूस बसला होता. मॅडम फाटकाशी थांबल्या, पदर सारखा केला, मग चालत त्याच्यासमोर गेल्या. त्यांनी चेहऱ्याकडे पाहिलंच नाही. आधी कानाकडे पाहिलं, मग हातांच्या बोटांकडे. तिथला सांभाळणारा मागे उभा होता. “अम्मा, पहचाने क्या?”

“नहीं,” मॅडम म्हणाल्या. “हमारे नहीं हैं.”

मला वाटलं, आता त्या कोसळतील. मी त्यांचा दंड धरला. पण तो माणूस त्यांच्या हातातल्या डब्याकडे बघत होता. मॅडमच्या ते लक्षात आलं. त्या तिथेच खाली मातीवर बसल्या, डबा उघडला आणि भाकरीवर चटणी घालून त्याच्या हातात दिली. त्यानं घास घेतला, सावकाश चावला.

“चटनी लई तिखट हाय,” तो म्हणाला.

“हाय ना,” मॅडम म्हणाल्या. “आमच्याकडं अशीच करतेत. दादा, गाव कोणतं तुमचं?”

तो पुन्हा भाकरीकडे वळला. सांभाळणारा म्हणाला, नाव-गाव विचारलं की तो गप्पच होतो. मॅडमनी पुन्हा विचारलं नाही. भाजी वाढली. बैल होते का, शेतात काय लावत होता, असं काहीबाही बोलत राहिल्या, घरी पाहुणा जेवायला बसल्यासारखं. दुसरी भाकरी संपत आली तेव्हा तोच म्हणाला, “हितं पान्याचा आवाज न्हाई.”

“कोणत्या पाण्याचा?”

“वरून पडतंय त्या. रातच्याला घरात ऐकू येतंय.”

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. “सहस्रकुंडचा धबधबा,” त्या हळूच म्हणाल्या. मग त्याच्याकडे वळल्या. “दादा, इस्लापूरकडचे का तुम्ही?”

त्याचं चावणं थांबलं. हातातला तुकडा खाली ठेवून तो म्हणाला, “हाव.”

आमच्या वर्गात इस्लापूरची एक मुलगी होती. मी तिला फोन लावला, फोटो पाठवला. तिनं वडिलांना पाठवला, वडिलांनी गावच्या ग्रुपवर टाकला. आम्ही अजून झाडाखालीच होतो तेव्हा माझा फोन वाजला. पलीकडे त्या माणसाचा भाऊ होता. त्याला धड बोलता येत नव्हतं. “त्याला हलू देऊ नका, आम्ही निघालो,” एवढंच तो पुन्हा पुन्हा म्हणत होता. गावाहून यायला वेळ लागणार होता. आमची परतीची गाडी दुपारची होती. मॅडम म्हणाल्या, “तुम्ही जा. मी थांबते.” मीही थांबले.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो भाऊ आला आणि बरोबर त्या माणसाची बायको. किरकोळ, उन्हानं रापलेली बाई. ती नवऱ्यासमोर उकिडवी बसली. त्याला हात लावला नाही, नुसती बघत राहिली. मग त्याच्या सदऱ्याचं वरचं उघडं बटण तिनं लावलं.

“दाढी किती वाढवली ही,” ती म्हणाली. “वळखू तरी येईल का मानूस?”

“वस्तरा देत न्हाईत,” तो म्हणाला.

तेवढं ऐकलं आणि ती रडायला लागली. तोंडाला पदर न लावता, लहान मूल रडतं तशी. आश्रमातली बाकीची माणसं जवळ येऊन उभी राहिली. भाऊ म्हणाला, “वहिनी, आता का रडता, सापडला की.” ती म्हणाली, “रडू द्या. इतके दिस रडताबी येत नव्हतं मला.”

मॅडम तिथे नव्हत्या. मी शोधलं तर मागच्या नळावर डबा घासत होत्या. तो केव्हाच स्वच्छ झाला होता.

“काल फाटकातून आत येताना काय झालं सांगू?” त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. “वाटलं, हेच असू देत, कसेही असू देत. आन त्याच पावलाला वाटलं, हे नसावेत. यांची अशी दशा मला बघवणार न्हाई. दोन्ही एकदमच वाटलं. याला मराठीत काय म्हणायचं?”

“मला नाही माहीत, मॅडम,” मी म्हणाले.

त्यांनी मान हलवली. या वेळी त्यांना उत्तर नको होतं बहुतेक.

निघताना ती बाई मॅडमच्या पाया पडायला वाकली. मॅडमनी तिला वरच्या वर धरलं. “मी काय केलं? भाकर दिली.”

“तुमचं कोन हाय हितं, ताई?” तिनं विचारलं.

“हितं कोणी न्हाई माझं,” मॅडम म्हणाल्या.

परत आल्यावर त्यांनी कुणाला फारसं सांगितलं नाही. पुढे दर दिवाळीला इस्लापूरहून त्यांच्या घरी सीताफळं यायची. त्या ती सगळ्या गल्लीत वाटायच्या आणि स्वतःसाठी एक ठेवायच्या.

निवृत्तीनंतरही त्या नांदेडलाच राहिल्या. मुलगी येऊन भांडून जायची. “आई, बाबांना पुण्याचा पत्ता सापडणार नाही म्हणून तू इथं बसणार का?” मॅडम म्हणायच्या, “त्यांना एकच पत्ता माहीत आहे, बाई.” पण पुढे हृदयाचं दुखणं निघालं. एकदा जिन्यात चक्कर येऊन पडल्या. तेव्हा मात्र त्यांनी हट्ट सोडला.

जायच्या आधीचे काही दिवस त्या दुपारच्या बाहेर पडायच्या. मी एकदा बरोबर गेले तेव्हा कळलं. कोपऱ्यावरचं चहाचं हॉटेल, औषधाचं दुकान, रिक्षा स्टँड, भुकेलं माणूस हटकून जेवायला जाईल म्हणून गुरुद्वाऱ्याचं लंगर, अशा सगळीकडे त्या जात होत्या. साहेबांचा फोटो दाखवून मुलीचा नंबर देत होत्या. आता केस पांढरे असतील, हेही सांगत होत्या. घरात नवा भाडेकरू आला, त्याच्या बायकोला म्हणाल्या, “ते आले तर घाबरू नको. बोलत न्हाईत फारसं. पंख्याखाली बसव, पाणी दे, आन फोन कर.”

त्या तरुण मुलीनं “हो काकू” म्हटलं आणि माझ्याकडे पाहिलं. मी नजर वळवली नाही. मीही मान डोलावली.

गेल्या हिवाळ्यात मॅडम पुण्यात गेल्या. झोपेतच. मुलीचा फोन आला तेव्हा मी पेपर तपासत होते. खूप रडलो आम्ही दोघी. साहेबांचं अजूनही काही कळलेलं नाही. स्टाफरूममध्ये आता नवी मुलं आहेत, हुशार आहेत. कुणी दुःख म्हटलं की ते सगळे लगेच “अरेरे” म्हणतात. कुठलं, असं कुणी विचारत नाही. मला ते फार जाणवतं.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते त्या पुण्याला निघाल्या त्या दिवशी. रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं झोपून ये म्हणून मुलगी सांगत होती. त्यांनी ऐकलं नाही, दिवसाची एसटी धरली. रात्री खिडकीतून काही दिसत नाही, म्हणाल्या. मला माहेरी जायचंच होतं, म्हणून लातूरपर्यंत मी बरोबर होते. लोहा गेलं, अहमदपूर गेलं. त्या फार बोलल्या नाहीत. लातूरच्या स्टँडवर मी उतरले, खिडकीखाली उभी राहिले आणि गोळ्या वेळेवर घ्या, पोचल्यावर फोन करा, असं सांगत राहिले. गाडी हलली तसा मी हात वर केला.

त्या माझ्याकडे बघत नव्हत्या. फलाटावर बाकांवर बसलेली, गाठोड्यांना टेकून डुलक्या घेणारी, नळावर तोंड धुणारी म्हातारी माणसं होती. मॅडम चष्मा पुसून एकेकाचा चेहरा बघत होत्या, गाडी वळणाआड जाईपर्यंत.