आईच्या सीटचा पट्टा

आमच्या जुन्या गाडीच्या डॅशबोर्डवर दोनच गोल डायल होते, एक वेगाचा आणि एक पेट्रोलचा. पेट्रोलचा काटा सारखा अडकायचा. मग बाबांच्या शेजारी बसलेली आई काचेवर टिचकी मारायची आणि काटा खाली घसरला की म्हणायची, "बघा, आता पंप दिसला की थांबा." पुढं मी नवी गाडी घेतली. तिच्यात काटे नव्हते, सगळं पडद्यावर दिसायचं. आई हिरमुसली. "हिला माझी काही गरजच नाय," म्हणाली.

गेल्या वर्षी आई गेली. अस्थी घेऊन आम्ही सकाळीच गारखेड्याहून पैठणला निघालो तेव्हा गाडी मी चालवत होते. बाबा पुढं बसायला तयार होईनात. "तिथं ती बसते," म्हणाले. कलशाची पिशवी त्यांनी पुढच्या सीटवर ठेवली आणि ते मागं बसले. गाडी सुरू करताच पडद्यावर लाल खूण लुकलुकायला लागली आणि बीप बीप असा आवाज सुरू झाला.

"काय म्हणतीय ती?" बाबांनी विचारलं.

"सीटवर कुणीतरी बसलंय, पट्टा लावा म्हणतीय."

बाबा खाली उतरले. पुढचं दार उघडून त्यांनी पट्टा ओढला, कलशाभोवती घेतला, त्याचा पीळ सरळ केला आणि खटका लावला. आवाज थांबला. मग दाराला धरून ते रस्त्यातच हुंदके द्यायला लागले. आई गेल्यापासून ते रडलेच नव्हते. मी उतरून त्यांना धरून उभी राहिले.

तास-सव्वा तासाची वाट, पण पैठणला पोचायला आम्हाला दुपार झाली.