दोन बटणं आणि बी-ट्वेल्व्हचा कोर्स

माझ्या बहिणीच्या बोटांना बी-ट्वेल्व्हची कधीच गरज नव्हती. हे डॉक्टरांना माहीत नाही, माझ्या बायकोला माहीत नाही आणि खुद्द मंगलला तर मुळीच माहीत नाही. तरी तिने इंजेक्शनांचा अख्खा कोर्स घेतला. दर वेळी तिला स्कूटरवरून दवाखान्यात नेणारा मीच. आजवर हे कुणाला बोललो नाही.

मंगल माझी धाकटी बहीण, खरवईत आमच्याच घरी राहते. आईच्या लांबलेल्या आजारपणात तिने घर धरलं आणि मी अंबरनाथच्या कारखान्यातली नोकरी. आई गेली तेव्हा मंगलच्या वयात बसणारी सरकारी भरती एकच उरली होती. लेखी परीक्षा ती पास झाली. राहिलं टायपिंग. इंग्रजी आणि हिंदी, दोन्हींत पास व्हायचं. एकात गेलं की सगळंच गेलं!

उल्हासनगरच्या क्लासमधले सर विद्यार्थ्यांच्या हातांवर नॅपकिन टाकायचे. "बेटा, नीचे देखा तो नौकरी गयी!" मंगल घरीही तसाच सराव करायची. शेजारच्या काकू एकदा डोकावल्या आणि हळहळल्या, "अगं बाई, दोन्ही हात भाजले?"

"नाही हो काकू, टायपिंग करतेय."

"झाकून?" काकूंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच तिला काहीतरी लपवून करायला लावतोय.

परीक्षेला स्वतःचा कीबोर्ड नेता येणार होता. मंगलचा तिच्या बोटांना सरावलेला होता, म्हणून तोच न्यायचा ठरला. आदल्या दिवशी सरांनी बोटांना सुट्टी द्यायला सांगितली होती, तर ती चामटोलीला मावशीच्या पाया पडायला गेली. घरात मी, चहा आणि कीबोर्ड. मला उगाच वाटलं, बघू तरी आपलं नाव किती वेळात होतं! तिसऱ्याच अक्षराला कोपर लागलं आणि अख्खा कप कीबोर्डवर. (साखर मी जरा जास्तच घेतो.)

पुसलं. चिकट. परत पुसलं. आणखी चिकट! मग माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. (मी स्टोअरमध्ये आहे.) मोबाइलवर कीबोर्डचा फोटो काढला, चमच्याच्या दांड्याने एकेक बटण उपटलं, भाताच्या चाळणीत घालून बेसिनमध्ये धुतलं आणि खिडकीत पेपरवर वाळत घातलं.

बायको, सुरेखा, बाजारातून आली. "अहो, हे काय घातलंय? सांडगे?"

"मंगलचा कीबोर्ड साफ करतोय. उद्या परीक्षा आहे ना!"

"बघा हं," ती म्हणाली, "बहिणीसाठी तरी काही करताय!"

त्या कौतुकाने माझी छाती फुगली. मग फोटो बघून बटणं बसवायला घेतली, तर दोन कमी. एफ आणि जे. धुताना चाळणीतून निसटून बेसिनच्या तुटक्या जाळीतून खाली गेलेली! सळई घातली, वाकून हाकसुद्धा मारली. शेवटी सुरेखाला "जरा पाय मोकळे करून येतो" म्हणालो आणि पाय मोकळे करायला थेट उल्हासनगरला गेलो.

जुन्या कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. दुकानदाराने बटणांचा डबा माझ्यापुढे ओतला. "साईं, कौन सा चाहिए?"

"एफ और जे."

त्याने बरंच चिवडलं. एफ आणि जे मिळेनात. मग दोन दुसरीच बटणं उचलली आणि त्यांच्यावर इंग्रजी-हिंदी अक्षरांचे स्टिकर चिकटवले. "लो, एफ. लो, जे. चलेगा ना?"

"चलेगा क्या, दौडेगा!" मी म्हणालो.

घरी येऊन बसवली. दिसायला तंतोतंत. मंगल आली, कीबोर्ड बघून म्हणाली, "दादा, अरे नवा केलास की!" आणि टॉवेलात गुंडाळून पिशवीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या फाटकाबाहेर मी उभा होतो. सगळ्यात शेवटी मंगल बाहेर आली.

"हिंदी झालं," ती म्हणाली. "ते नंतर होतं, तेव्हा खाली बघून बघून केलं. हळू झालं, पण झालं."

"आणि इंग्रजी?"

"सुरुवात बरी होती रे. मधे एक आकडा आला, तो मारायला हात वर गेला. परत आला तो एक घर सरकून बसला. माझे डोळे उताऱ्यावर. मान वर केली तर स्क्रीनवर काय काय उमटलेलं!"

"असं कसं झालं?"

"अरे, एफ आणि जेच्या बटणांवर एक बारीक उंच रेघ असते. तिच्यावरून बोटांना कळतं, आपण जागेवर आहोत. आज लागलीच नाही बोटांना. काहीच जाणवेना. भीतीने बोटं बधिर झाली, दादा."

मला त्याच क्षणी कळलं. स्टिकर लावलेली ती दोन बटणं गुळगुळीत होती. मी जन्मभर दोन बोटांनी, खाली बघून टाइप करणारा माणूस. बटणांवर अक्षरांशिवाय आणखी काही असतं, हे मला कोण सांगणार! बोलायची हीच वेळ होती. ती माझ्याकडे बघत होती. मी तोंड उघडलं आणि म्हणालो,

"वडापाव खातेस?"

पुढे निकाल लागला. हिंदीत पास, इंग्रजीत नापास. मंगलने कुणाला दोष दिला नाही. सगळ्यांना सांगायची, "माझी बोटंच कामाची राहिली नाहीत." सुरेखाने तिला दवाखान्यात पिटाळलं. रिपोर्ट नॉर्मल आला. डॉक्टर म्हणाले, "तरी बी-ट्वेल्व्ह घेऊन टाकू. नुकसान नाही." पहिली सुई टोचली तेव्हा ती कळवळली, आणि मी बाहेर बाकावर बसून आरोग्याचं मासिक वाचत होतो. उलटं धरून.

बेसिन तुंबलं तेव्हा प्लंबरने खालचा पाइप उघडला आणि काळी पडलेली दोन बटणं माझ्या तळहातावर ठेवली. "साहेब, हे तुमचंच का?" मी अंगठा फिरवला. रेघ लागली. चटकन. माझ्यासारख्यालासुद्धा!

मंगल आता शेजाऱ्यांचे डबे करून देते. परवा टीव्ही बघत तांदूळ निवडत होती. खाली न बघता, बोटांनी चाचपून खडे काढत होती, एकही सुटत नव्हता. मी म्हणालो, "मंगे..."

"काय रे?"

"काही नाही. चहा टाकतेस?"

कीबोर्ड तिने मलाच देऊन टाकला. हे सगळं मी त्याच्यावरच टाइप केलंय, दोन बोटांनी, खाली बघत. बटणं माझ्या दाढीच्या डब्यात आहेत. ती आता देऊन काही व्हायचं नाही. पण मंगलला मी एक वाक्य देणं लागतो, आणि ते अजून दिलेलं नाही: बोटं तुझी ठीक होती, बधिर मी होतो.