अभिषेकाच्या पाण्याची बादली

मागच्या गुरुवारी सकाळी उज्जैनला आमच्या माधव नगरच्या घरी मलेरिया विभागातल्या एक ताई अळ्या बघायला आल्या. मुलगी आर्या तेव्हा फ्रीगंजच्या दवाखान्यात सलाइनवर होती. हे तिच्यापाशी बसले होते आणि मी डबा करायला तासाभरासाठी घरी आले होते...

डेंग्यू. पाचव्या दिवशी ताप उतरला तेव्हा मी देवापुढे साखर ठेवली. डॉक्टर म्हणाले, आता खरी काळजी, ताप उतरतो तेव्हाच प्लेटलेट्स पडतात. हिशोबाच्या वहीत मागच्या पानावर मी रोजचा आकडा लिहीत होते... रोज कालच्यापेक्षा कमी.

राग मात्र माझा सगळा शेजारच्या भाभींवर होता. त्यांचा कूलर पावसाळा लागला तरी भरलेला असायचा. त्याआधीच्या रविवारी आर्याचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला आणि मी गल्लीतच त्यांना म्हणाले, "भाभी, आपके कूलर ने मेरी बच्ची को लिटा दिया." चार जणी ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी कूलर उपडा घातलेला दिसला.

आमच्याकडे डास होतील असं मला कधी वाटलंच नाही. खिडक्यांना जाळ्या, पलंगाला मच्छरदाणी, दिवेलागणीला कडुनिंबाचा धूर. कुंड्यांखालच्या ताटल्यासुद्धा मी उपड्या घालते.

ताईंनी टाकी बघितली, फ्रिजमागचा ट्रे बघितला, मान हलवली. मग मागच्या ओट्यावर गेल्या आणि तिथूनच विचारलं, "आंटीजी, ये बाल्टी किसकी है?"

ती अभिषेकाच्या पाण्याची बादली होती.

इथला सावन आपल्या श्रावणाच्या पंधरा दिवस आधी लागतो. राहतो उज्जैनला, म्हणून मी तोही धरते आणि आपलाही... म्हणजे दीड महिना पिंडीवर रोज अभिषेक. ते पाणी नालीत सोडता येत नाही, कोणाच्या पायाखाली येऊ नये. शंकराचं म्हणून तुळशीलाही चालत नाही. ते गल्लीच्या टोकाच्या बागेतल्या बेलाला घालायचं. पूर्वी रोज नेत असे. यंदा गुडघा दुखतोय म्हणून बादलीत साठवून सोमवारी एकदाच नेत होते. त्यात पावसाने बागेत चिखल झाला आणि दोन सोमवार राहून गेले.

ताईंनी टॉर्च लावला. पाणी अगदी नितळ, आणि त्यात बारीक बारीक अळ्या वळवळत होत्या. मी वाकून बघत राहिले... मग उगाचच म्हणाले, "दीदी, ये भगवान का पानी है."

"पता है आंटीजी. ये मच्छर साफ पानी ही ढूँढता है." मग विचारलं, "बच्ची दिन में कहाँ बैठती है?"

आर्या दुपारी तिथेच बसते, त्याच ओट्यावर, बादलीपासून दोन हातांवर. परीक्षेचा अभ्यास करते. हा डास दिवसा चावतो हे मला माहीत नव्हतं. मी तिला रात्री मच्छरदाणीत झोपवत होते आणि दुपारी स्वतःच तिथे बसायला सांगत होते, वारा येतो म्हणून.

मला वाटलं, ताई आता बादली नालीत उपडी करतील. त्यांनी चपला बाहेर काढल्या, हात धुतले आणि जुनं सुती कापड मागितलं. दुसऱ्या बादलीवर ते कापड धरून सगळं पाणी गाळलं. कापड उन्हात दगडावर पसरलं. "नाली में फेंकते तो वहाँ भी जी जाते. अब पानी बेल को दे आओ, और बाल्टी रगड़ के धोना, अंडे किनारे पर चिपकते हैं." एवढं सांगून त्या पुढच्या घरी गेल्या. मला त्या एका शब्दानेही रागावल्या नाहीत, आणि तेच सहन होईना.

आर्याचे आकडे शनिवारी वर सरकले. आता ती घरी आहे, पण पायऱ्या चढताना मध्येच बसते. तिला मी बादलीचं सांगितलं. म्हणाली, "आई, तू मुद्दाम थोडीच केलंस." एवढं बोलून भिंतीकडे तोंड करून झोपली.

मग भाभींकडे गेले. सांगणं भागच होतं. मी तोंड उघडायच्या आतच त्या म्हणाल्या, "बाबूजी को परसों से बुखार है. बताया नहीं... तुम फिर कूलर देखने आ जातीं."

बाबूजी म्हणजे त्यांचे सासरे, ऐंशीच्या घरातले. त्यांची खाट आमच्या मागच्या भिंतीला लागूनच असते. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. भाभी आत जाऊन पायात चपला घालून आल्या. मग म्हणाल्या, "ऑटो बुला लो, टेस्ट तो करवाना है."

हे मी लॅबमधून आल्यावर लिहितेय. रिपोर्ट उद्या येणार. आर्याला ताप आला तेव्हा मी देवाकडे मागत होते... आता कोणत्या तोंडाने मागू, कळत नाही. तरी मागतेय.

तुमच्याकडेही निर्माल्याचं, तीर्थाचं, देवाचं म्हणून बाजूला ठेवलेलं पाणी असेल तर आजच वाकून बघा. ज्याला हात लावायला आपण कचरतो, तेच बघायचं राहून जातं.

लॅबमध्ये गर्दी होती. बाबूजींना धड बसवत नव्हतं. भाभींनी माझ्याकडे बघितलं नाही, पण बाबूजींचं डोकं माझ्या खांद्याला टेकवलं आणि म्हणाल्या, "पकड़ के रखना." आणि नंबर लावायला निघून गेल्या. एवढ्यानंतरही त्यांनी माझ्यावर भरवसा ठेवला... त्या येईपर्यंत मी हलले नाही.