ताटाएवढा गोल स्टिकर

खमरियाच्या शरदकाकांवर अन्याय झाला तो यंदाच्या फेब्रुवारीतल्या दुसऱ्या रविवारी, सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी. वेळ मला नेमकी ठाऊक आहे, कारण त्याच मिनिटाला काकांनी मला फोटो पाठवला होता. फोटोत त्यांची बाटलीहिरवी अ‍ॅम्बेसेडर मैदानात उभी आहे आणि जुन्या गाड्यांच्या रॅलीच्या समितीतला एक माणूस तिच्या डाव्या दरवाजावर ताटाएवढा गोल स्टिकर तळहाताने दाबून बसवतो आहे. मध्ये सतराचा आकडा, खाली गाद्यांच्या एका दुकानाचं नाव. काकांनी लिहिलं होतं, "आपला नंबर लागला."

मी अंगठा पाठवला. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे मी बऱ्याच लोकांवर बोट रोखणार आहे.

मी या हिंदी मुलखातल्या रिछाईत एका गॅरेजात गाड्या रंगवते. त्याआधी कॉलेजात पत्रकं वाटायचे, सह्या गोळा करायचे, चौकात उभी राहून भांडायचे. ती सवय गेलेली नाही. म्हणून स्पष्टच लिहिते. जुन्या गाड्यांचं सर्वांत जास्त नुकसान जुन्या गाड्यांच्या रॅलीत होतं, आणि ते करणारे लोक त्याच दिवशी माइकवर वारसा जपण्याबद्दल बोलत असतात.

मार्चच्या शेवटी काका गॅरेजवर आले. हॉर्न वाजवला नाही, फाटकाशी उभं राहून हाक मारली.

"अश्विनी, जरा बाहेर ये. बोलू नको, नुसतं बघ."

स्टिकर अजून जागेवर होता. दीड महिना. आमच्याकडे रॅलीचा स्टिकर कुणी काढत नाही. तो मेडलसारखा मिरवतात. दुधवाला विचारतो, शेजारी विचारतात, पेट्रोलपंपावर विचारतात, आणि मालक सांगतो की हो, गेली होती आपली. एकदा नंबर गेला की विचारणार कोण? म्हणून गाडी उन्हात उभी राहते आणि स्टिकर दरवाजावर भाजत राहतो.

त्या दिवशी काकांनी शेवटी मनाशी ठरवून एका बाजूची कड नखाने उचलली होती. कडेबरोबर वाटाण्याएवढा हिरवा रंग उचलून आला. खाली लाल प्रायमर दिसत होता. काकांनी तिथेच हात आवरला होता, हे त्यांचं शहाणपण.

"ओढू नका आता," मी म्हटलं.

"मग काय, जन्मभर सतरा नंबर घेऊन फिरू?"

"थांबा. विचार करून राहिली ना मी."

नव्या गाडीवर रंगाच्या वर एक पारदर्शक, कडक थर असतो. स्टिकर त्या थराला चिकटतो, रंगापर्यंत पोचत नाही. जुन्या गाडीवर असा थर नाही. वरचा रंग हाच तिची कातडी. उन्हाने गोंद मऊ होतो आणि रंगात मुरतो. रंग मात्र इतक्या वर्षांनी पत्र्यावर पूर्वीसारखा घट्ट राहिलेला नसतो. मग ओढाओढीत कोण जिंकणार? गोंद जिंकतो. पत्रा उघडा पडतो.

आणि हा रंग साधा नव्हता. काकांचे थोरले भाऊ दिनकरराव पेंटर होते. कारखान्याच्या क्वार्टरच्या अंगणात मागून आणलेल्या कॉम्प्रेसरवर, तीन रविवार लावून त्यांनी ही गाडी स्वतः रंगवली होती. ते आता नाहीत. त्यांच्या पत्नी, माई, काकांच्याच घरी राहतात. नवऱ्याच्या जुन्या धोतराच्या फडक्याने माई रोज सकाळी गाडी पुसतात. त्या गाडीला दिनकररावांनंतर दुसऱ्या कुणाचा ब्रश लागलेला नाही.

"माईंना माहीत आहे?" मी विचारलं.

"नाही. डावी बाजू भिंतीकडे करून लावून राहिलो."

"कधीपासून?"

"कड उचलली तेव्हापासून. म्हणजे सकाळपासून."

आमचे उस्ताद, म्हणजे गॅरेजचे मालक, तोवर बाहेर आले. त्यांनी दरवाजावर बोट फिरवलं आणि निकाल दिला.

"दरवाज़ा पूरा घिसो, प्राइमर मारो, रंग मारो. दो दिन का काम."

"उस्ताद, शेड नहीं मिलेगा."

"तो पूरी साइड मार दो."

"फिर दूसरी साइड अलग दिखेगी."

"तो पूरी गाड़ी मार दो. नई हो जाएगी. इसमें रोना क्या है?"

काका रडत नव्हते, पण त्यांनी चष्मा काढून पुसला. मी उस्तादांना म्हटलं, मला एक सकाळ द्या. ते म्हणाले, "एक सुबह. बोलेरोवाला ग्यारह बजे आएगा. और ये आंदोलन मेरे शेड में मत करना."

दुसऱ्या दिवशी मी घरचा हेअर ड्रायर घेऊन सातलाच पोचले. काका माझ्याआधी फाटकावर. माईंना त्यांनी सर्व्हिसिंग सांगितलं होतं.

काम ऐकायला सोपं आहे. स्टिकर गरम करायचा, पण हाताची मागची बाजू टेकवून ठेवता येईल इतकाच. मग कड सरळ बाहेर ओढायची नाही, तिला तिच्याच अंगावर दुमडून, दरवाजाला जवळजवळ टेकवून मागे न्यायचं. एक बोटभर न्यायचं, थांबायचं, पुन्हा गरम करायचं. सरळ ओढलं की सगळा जोर रंगावर येतो. दुमडलं की जोर गोंदाच्या रेषेवर राहतो. एवढंच.

पण मला एवढंच जमत नव्हतं. माझा स्वभाव फाडून टाकण्याचा आहे. दर दोन मिनिटांनी वाटायचं, ओढ एकदाची. फोन वाजत होता. बोलेरोवाला नऊलाच येऊन बसला आणि "दीदी, कितना टाइम" विचारायला लागला. काका गाडीभोवती फेऱ्या मारत होते आणि प्रत्येक फेरीत एकच प्रश्न.

"निघून राहिला का?"

"निघून राहिला."

"रंग?"

"काका, चहा सांगून या ना."

"दोनदा सांगितला."

"तिसऱ्यांदा सांगा."

अर्ध्याच्या पुढे गेल्यावर रंग पुन्हा उचलायला लागला. मी ड्रायर बंद केला. दरवाजा उघडून आतल्या कडेवर, जिथे कुणाचं लक्ष जात नाही, टर्पेंटाइनचा एक थेंब लावून पाहिला. रंग सुटला नाही, कापसाच्या बोळ्यावर हिरवं आलं नाही. मग कान साफ करायच्या काडीने स्टिकरच्या कडेखाली थेंब थेंब सोडत पुढे सरकले. साडेदहाला स्टिकर सुटला. उलटा धरून बघितला. त्याच्या पाठीवर वाटाण्याएवढी एक हिरवी टिकली होती आणि मोहरीएवढ्या आणखी दोन.

उरलेल्या गोंदासाठी उस्तादांनी थिनरचा डबा पुढे केला. "एक पोंछा, साफ."

"गोंद भी साफ, रंग भी साफ," मी म्हटलं.

ते हसले आणि डबा घेऊन गेले. त्यांची बहुतेक कामं नव्या गाड्यांवरची, आणि तिथे थिनर चालून जातो, म्हणून हात आपोआप थिनरकडे जातो. जुन्या इनॅमल रंगाला थिनर लावणं म्हणजे रंग विरघळवणं. मी टर्पेंटाइन आणि कापूस घेऊन बसले.

गोंद गेला. मग दिसला डाग. जिथे स्टिकर होता तिथे एक गडद हिरवं ताट, भोवती जरा फिका, धुरकट हिरवा. स्टिकरखालच्या रंगाला ऊन लागलं नाही, बाकीच्याला लागलं. वर गोंदाचा अंश आत मुरलेला. याला आमच्यात सावली म्हणतात. हलक्या पॉलिशने ती थोडी कमी होते. पूर्ण घालवायची तर घासत राहावं लागतं, आणि घासणं म्हणजे असलेला रंग पातळ करणं. मी हलका हात फिरवला आणि थांबले. तीन टिकल्यांवर गंज चढू नये म्हणून बारीक ब्रशने जुळता रंग टेकवला.

आता माझा पारा चढायला मोकळा होता. पत्रकाचं शीर्षक डोक्यात तयार झालं होतं. वारशाचे मारेकरी. पॉलिश हातात होतंच म्हणून गाडीभोवती एक फेरी मारली, आणि डिकीच्या झाकणावर उजव्या कोपऱ्यात मला आणखी एक सावली दिसली. जुनी, पुसट. पाच बोटं पसरलेला एक पंजा.

"हे कुणी केलं?" मी ओरडलेच. "विचारण्याची पद्धत आहे की नाही लोकांना?"

बोलेरोवाला वाकून बघायला आला.

"काका, कुणी लावला होता हा?"

"तूच," काका म्हणाले.

कॉलेजात असताना आम्ही हॉर्नविरुद्ध मोहीम चालवली होती. स्टिकर पंजाच्या आकाराचा कापून घेतला होता, लांबून दिसावा म्हणून. त्या आकाराचा आम्हाला फार अभिमान होता. एका रविवारी खमरियाच्या क्वार्टरांत जाऊन आम्ही उभ्या असलेल्या प्रत्येक गाडीला तो चिकटवला. कुणाला विचारलं नाही. काम चांगलं होतं ना, मग विचारायचं काहून? अगदी हाच विचार होता डोक्यात.

मी तो पंजा पॉलिश केला नाही. हिंमत झाली नाही.

गाडी पोचवायला मीही गेले. काकांनी पुन्हा डावी बाजू भिंतीकडे करायला घेतली. माई ओट्यावर होत्या.

"भाऊजी, कशाला कसरत करता? सरळ लावा."

काकांनी सरळ लावली. माई उठल्या, दरवाजापाशी आल्या, गडद ताटावरून बोट फिरवलं, मग तीन टिकल्यांवरून.

"वहिनी, तो स्टिकर काढताना जरा..." काका म्हणाले.

"माहीत आहे. रोज मीच पुसते ना गाडी? दीड महिना स्टिकरसुद्धा पुसला. तुम्ही खूश होता म्हणून बोलले नाही." मग माझ्याकडे वळल्या. "बाकीचा रंग त्यांचाच आहे ना?"

"त्यांचाच आहे, माई."

"मग झालं. आणि मागे तुझा हात आहे. तो मी काढला होता, खोबरेल लावून लावून, चार दिवस. तेव्हाही बोलले नाही. म्हटलं, पोरगी चांगलं काम करून राहिली आहे."

ही वाक्यं मी इथे लिहिते आहे, कारण रॅलीच्या समितीला मी दोष देणार आहे आणि तो देण्याआधी माझा हिशेब पुरा व्हायला हवा.

दोन दिवसांनी समितीच्या सचिवांना भेटले. टेबलावर स्टिकर उलटा ठेवला. त्यांनी आधी फोन बघितला, मग स्टिकर.

"मैडम, हर साल लगाते हैं. आज तक किसी ने कुछ नहीं कहा."

"आपने किसी से पूछा था?"

"इसमें पूछना क्या, सम्मान की चीज़ है. लोग तो खुद नहीं निकालते." मग ते जरा मागे रेलले. "और आप वही हैं ना, हाथवाले स्टिकर वाली? मेरी स्कूटी पर भी चिपकाया था आप लोगों ने."

"हां. वो भी गलत था."

भांडायची तयारी करून बसलेल्या माणसाची जशी अडचण होते, तशी त्यांची झाली. त्यांनी स्टिकर उचलला आणि पहिल्यांदा हिरव्या टिकल्या नीट पाहिल्या.

"तो चुंबकवाले बनवा लें?"

मी सांगितलं, चुंबकाखाली धूळ अडकते आणि गाडी चालली की ती रंगावर घासते. खड्डे बुजवायला पुट्टी भरलेल्या जागी चुंबक धरतही नाही. नंबर जाड कार्डावर छापा. एक कार्ड काचेच्या आतून ठेवा, एक बंपरला सुती फितीने बांधा. गादीवाल्यांचं नाव मंचाच्या बॅनरवर मोठं करा.

"प्रायोजक नाराज़ हुए तो आप झेलेंगी?"

"झेलूंगी. लिखकर दीजिए."

माझ्याच पत्रकाच्या हाती लिहिलेल्या मसुद्याच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी लिहून दिलं, पुढच्या वर्षी गाड्यांवर काहीही चिकटवलं जाणार नाही. खाली सही केली. पत्रकाचं शीर्षक मी छापण्याआधी बदललं. मारेकरी हा शब्द काढला. त्यात मीही येत होते.

या सगळ्यातून मला एवढंच कळलं की गोंदाला हेतू समजत नाही. सन्मानाचा असो, गादीचा असो, समाजसेवेचा असो, तो सारखाच मुरतो.

तेव्हा तुम्हाला सांगते. तुमची जुनी गाडी असेल, तर रॅलीत स्टिकर घेऊन येणाऱ्याचा हात धरा आणि कार्ड मागा. लावलाच असेल तर त्याच संध्याकाळी, गोंद ताजा असताना, गरम करून दुमडत काढा. मिरवायला फोटो पुरे आहे. आणि तुमच्या खिशात आत्ता एखाद्या चांगल्या कामाचा स्टिकर असेल, तर तो खिशातच राहू द्या. आधी मालकाच्या दारावर जाऊन विचारा.