कावळ्याच्या कुळीची पाहुणी

आम्ही सातपूरच्या कामगार वस्तीत राहायचो तेव्हा आमच्या घरात एक बोली होती आणि दाराबाहेर दुसरी. घरात आम्ही कोकणी बोलायचो. समुद्रकाठची नव्हे, पेठच्या डोंगरातली, आम्हा कोकणा आदिवासींची. बाबा एका इंजिनीअरिंग कारखान्यात टर्नर होते. एकदा बसमध्ये आई त्यांच्याशी कोकणीत काहीतरी बोलली आणि पुढच्या सीटवरची दोन माणसं वळून हसली. तेव्हापासून बाबा बाहेर फक्त मराठी बोलत. मूळ गाव कोणी विचारलं तर "पेठकडचं" एवढंच सांगून विषय बदलत.

नव्वदच्या दशकात मी नाशिकलाच चित्रकलेच्या कॉलेजात शिकत होते. तिथे प्रत्येकाला जगातल्या कुठल्यातरी एका कलेवर वर्गासमोर बोलावं लागे. लायब्ररीत विषय शोधताना एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हाती आलं. आत एक जुना, काळा-पांढरा फोटो होता. समुद्रकिनारा, किनाऱ्याला लागून लाकडी घरांची रांग, आणि प्रत्येक घरापुढे घराहून उंच कोरलेला खांब. खांबावर एकावर एक बसलेले प्राणी: अस्वल, बीव्हर, देवमासा, गरुड. ते हैदा लोकांचं गाव होतं. कॅनडाच्या पश्चिमेला, समुद्रातल्या बेटांवर राहणारे हे लोक.

मी ते पुस्तक बसून वाचलं. डिक्शनरी शेजारी ठेवून. हैदा लोक सीडर नावाचं अख्खं झाड पोखरून होडी करत. मग तिच्यात पाणी ओतून तापलेले दगड टाकत, आणि वाफेनं लाकूड मऊ झालं की होडीच्या बाजू फाकवत. त्याच झाडाच्या सालीच्या टोप्या, टोपल्या, चटया विणत. त्यांच्या चित्रांतली जाड काळी रेघ मी रोज वहीत गिरवायचे. कुठे फुगते, कुठे बारीक होते, पण तुटत नाही. डोळा काढायचा तर कोपरे गोल केलेल्या चौकोनासारखा. दिसायला सोपं, हाताला अजिबात न जमणारं.

वर्गासमोर बोलून झाल्यावर आमच्या सरांनी विचारलं, "एवढ्या लांबचं काय आवडलं तुला?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, आमच्या गावात आहेत असे खांब."

मी फळ्यावर आमचा वाघदेव काढला. सागाचा खांब, त्यावर वाघ, नाग, वर सूर्य आणि चंद्र, आणि सगळ्यावर शेंदूर. आम्ही कोकणा आहोत, हेही सांगितलं. कॉलेजात ते कोणालाच माहीत नव्हतं. कोणी हसलं नाही. मधल्या सुट्टीत मुलींनी मला घेरलं, आणि त्या दिवशी घरी जाताना मी सायकल फार जोरात चालवली, एवढं आठवतं.

पुढे मी एका शाळेत चित्रकला शिकवायला लागले. दोन हजार सालानंतर काही वर्षांनी एका सकाळी त्याच सरांचा फोन आला. "अगं, तुझे हैदा आलेत."

मुंबईत देशोदेशीच्या आदिवासींचा एक मेळावा भरला होता. तिथून काही पाहुणे नाशिकला आले होते, त्यात एक हैदा बाई होत्या. त्यांना इथलं आदिवासी गाव पाहायचं होतं. सरांना माझा वाघदेव आठवला होता.

त्या पन्नाशीच्या असतील. जीन्स, वर स्वेटर, काळे केस मागे बांधलेले, हातात रुंद चांदीचं कडं. कड्यावर तीच फुगणारी, बारीक होणारी रेघ. मी ते बघत राहिले तशी त्यांनी हात पुढे केला. "कावळा," त्या म्हणाल्या. "माझ्या आईच्या कुळाचा."

रात्रीच्या मुक्कामाला त्या आमच्याच घरी आल्या. आईनं नागलीची भाकरी आणि उडदाची आमटी केली होती. सुक्या माशांचं कालवण झाकून ठेवलं होतं, पाहुणीला वास सहन होणार नाही म्हणून. पण तो वास लपणारा नव्हता. पाहुणीनं नाक वर करून विचारलं, ते काय आहे? आणि मग सगळं तेच संपवलं. त्यांच्या बेटांवर मासा वाळवून वर्षभर पुरवतात. आई हरखून मला म्हणाली, "विचार, अजून देऊ का?"

जेवताना त्यांनी घरची हकीकत सांगितली. बाहेरून आलेल्या देवीच्या साथीत गावंच्या गावं ओस पडली. उरलेली मूठभर माणसं दोन गावांत गोळा झाली. खांब परक्यांनी कापून संग्रहालयांत नेले. "माझ्या आजीला शाळेत स्वतःची भाषा बोलली म्हणून मारायचे," त्या म्हणाल्या. "म्हणून तिनं माझ्या आईला ती शिकवलीच नाही. मी चाळिशीत शिकले. म्हाताऱ्या बायकांसमोर लहान मुलीसारखी बसून."

मी हे बाबांना सांगितलं. त्यांनी हातातला घास ताटात ठेवला. मग माझ्याकडे न बघता थेट पाहुणीला, सावकाश, कोकणीत म्हणाले, "आमना घर मा आमनी बोली जिती आहा."

मी इंग्रजीत सांगायच्या आधीच पाहुणीनं मान हलवली. आवाजावरून कळलं असावं.

दुसऱ्या दिवशी आम्ही जीपनं गावाला गेलो. रस्ताभर बाबा पाहुणीला कोकणीत डोंगरांची नावं सांगत होते आणि त्या ती नावं म्हणून बघत होत्या. जीपमधली इतर माणसं ऐकत होती. बाबांनी आवाज कमी केला नाही.

गावात वाघदेवाच्या पूजेचं सगळं माझ्या काकांकडे, म्हणजे बाबांच्या थोरल्या चुलतभावाकडे होतं. पाहुणी बघायला अर्धं गाव जमलं होतं. त्या सगळ्यांसमोर ताठ उभ्या राहिल्या आणि आधी आपल्या भाषेत बोलल्या. घशातून येणारे खोल आवाज. कोणाला एक शब्द कळला नाही, पण एकही माणूस हलला नाही. मग इंग्रजीत सांगितलं: मी अमुक गावची, अमुक घराण्याची, आईकडून कावळ्याची. आमच्यात दोनच बाजू, कावळा आणि गरुड. कावळ्यानं गरुडाशीच लग्न करायचं.

काका खूश झाले. "आमच्यातबी एका कुळीत लगीन नाय होत. पण कावळा का म्हनून? कावळा तर चोर."

मी विचारलं. त्या हसल्या. "चोरच. एका म्हाताऱ्यानं सगळा उजेड पेटीत कोंडून ठेवला होता. जगात अंधार. कावळ्यानं तो उजेड पळवून सगळ्यांसाठी बाहेर आणला."

काकांनी विचार केला. "मंग अशी चोरी बरी हाय."

वाघदेव गावाबाहेर सागाखाली होता. बराच कलला होता. बुडाशी वाळवी लागली होती. पाहुणीनं चपला काढल्या, हात न लावता बराच वेळ बघितलं. काकांनी विचारलं, "तुमच्या खांबाला कोंबडं देता का?"

"नाही. तो देव नाही आमचा. त्यावर घराण्याची हकीकत असते. कोण कुठून आलं, कोणता प्राणी कोणाला भेटला, कोणाचा त्यावर हक्क."

मी चपापले. इतकी वर्षं मी दोन्ही खांब एकच समजून सगळीकडे सांगत आले होते. काकांना मात्र काही अडलं नाही. "देव नाय तर नाय. घरातला मोठा मानूस हाय म्हना की."

हे इंग्रजीत सांगितलं तर पाहुणीनं काकांचा हात दोन्ही हातांत धरला.

मग त्यांनी खांब उभा करतानाचं सांगितलं. दोर लावून माणसं ओढतात, कारण प्रत्येकाचा हात लागला पाहिजे. नंतर मोठं जेवण होतं, आणि यजमानच पाहुण्यांना भेटी देतो. या जेवणांवर सरकारनं कित्येक वर्षं बंदी घातली होती.

"जेवन घालायला बंदी?" काका ओरडले. "सरकारचं काय जात हुतं?" सगळे हसले. पाहुणीसुद्धा, डोळे पुसत.

गावातल्या तरुणांचं त्या वेळी सिमेंटचा वाघदेव बसवायचं चाललं होतं. त्यांच्यातल्या एकानं विचारलं, तुमचे खांब कुजत नाहीत का? "कुजतात. पडतात. त्यांच्यावर शेवाळ येतं, झाडं उगवतात. आम्ही पडू देतो," पाहुणी म्हणाली. "काळजी वेगळीच होती. नवा कोरणारेच जवळजवळ उरले नव्हते. मग काही जण जुने खांब बघून बघून शिकले. पहिला उभा राहिला त्या दिवशी म्हातारी माणसं जुनी गाणी आठवून आठवून म्हणत होती. आता आमच्याकडे कोरणारे पुष्कळ आहेत."

त्या गेल्यावर लगेच काही बदललं नाही. सिमेंट की लाकूड, हा वाद बरेच महिने चालला. पुढच्या वर्षी बाबा रिटायर झाले, गावाला गेले आणि काकांना म्हणाले, "मी कोरतो." आजोबांनी आधीचा वाघदेव कोरला तेव्हा बाबा त्यांच्याबरोबर छिन्नी धरायचे. पण त्यानंतर सगळी उमर लोखंडात गेली होती. वादळात पडलेला एक साग काकांनी दिला.

मी सुट्टीत गेले तेव्हा बाबा पडवीत खांबावर वाकलेले होते. वाघ कुत्र्यासारखा दिसत होता. मी तसं बोलून दाखवलं.

"कान यायचेत अजून," बाबा म्हणाले. आणि खरंच, कान आले आणि शेपटी पाठीवरून वळली, तसा तो वाघ झाला. सिमेंटवाली पोरंही रोज येऊन बसू लागली. त्यातल्या दोघांनी नाग कोरला. जरा जाड झालाय, पण नाग आहे.

दिवाळीच्या तोंडावर, वाघबारशीच्या सणाला खांब उभा केला. तसा तो चार माणसांनी सहज उभा राहिला असता, पण काका अडून बसले. पाहुणीनं सांगितलेलं त्यांना पटलं होतं. त्यांनी मोठा दोर आणवला आणि सगळ्या गावाला धरायला लावला. बायकांनाही. आई माझ्या पुढे होती. खांब खड्ड्यात सरळ बसला तसा काकांनी शेंदूर लावला, तांदूळ वाहिले.

बाबा बाजूला उभे होते. शेजारच्या पाड्यावरचे पाहुणे आले होते. त्यांनी विचारलं, कोणी कोरला? बाबांनी छातीवर हात ठेवला आणि म्हणाले, "मी. नाग या पोरांनी." मग तुमच्या पाड्यावरचा खांब कधी बदलायचाय, असं त्यांनाच विचारायला लागले.