बरी झालीय, एवढेच

हे लिहायला बसताना मला प्रथम क्षमा मागावीशी वाटते. वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, आयुष्यात एकही लेख न लिहिलेल्या माणसाने वाचकांचा वेळ मागावा, हे धारिष्ट्यच आहे. संस्कृत घेऊन पदवीधर झालो, पुष्कळ वाचले, पण लिहिले ते फक्त कार्यालयीन टिपण, आणि तेही तीन ओळींच्या वर क्वचितच. शिवाय जे सांगायचे आहे ते भाजी-आमटीसंबंधी आहे आणि त्यात मोठे काहीच घडत नाही. तरीही लिहितो आहे, कारण शेवटी मला आपल्याला एक गोष्ट विचारायची आहे, आणि ती का विचारतो हे आधी सांगितल्याखेरीज विचारणे बरे दिसणार नाही.

माझी नोकरी नाशिकरोडला एका छापखान्यात, तपासणी विभागात झाली. छापलेले ताव समोर येत, ते एकेक करून उलटायचे आणि दोष शोधायचा. शाई पसरलेली, रेघ सरकलेली, कडेला सुरकुती. दोष दिसला की लाल पेन्सिलीने खूण. निर्दोष तावावर कसलीही खूण करण्याची पद्धत नव्हती. तो नुसता उजवीकडच्या गठ्ठ्यावर जाई. हजारो उत्तम ताव माझ्या बोटांखालून गेले असतील. त्यांतला एकही मला आठवत नाही. वाईट ताव मात्र काही अजून डोळ्यांपुढे आहेत.

घरीही तीच रीत होती, आणि तिचा दोष मी सर्वस्वी नोकरीला देऊ शकत नाही. आमच्या घरात अन्नाची स्तुती करायची नाही, असाच दंडक होता. आई म्हणे, कौतुक केले की पदार्थाला दृष्ट लागते. वडील मुकाट जेवत. मीठ कमी असले तर मिठाची वाटी पुढे ओढत. ओढली नाही, तर स्वयंपाक चांगला झाला असे आईने समजायचे. लग्नानंतर माझ्या पत्नीने पहिल्याच आठवड्यात विचारले, ‘‘भाजी कशी झालीय?’’ मी म्हणालो, ‘‘बरी झालीय.’’ त्या शब्दात मी माझ्या मते वडिलांपेक्षा बरीच अधिक प्रशंसा केली होती. पुढे सदतीस-अडतीस वर्षे तो प्रश्न आणि ते उत्तर आमच्या ताटांशेजारी मीठ-लिंबासारखे रोज वाढले गेले.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत आम्ही दोघेही आजारी पडलो. माझा ताप गेला आणि मी पूर्ववत झालो. तिचाही ताप गेला, पण त्याबरोबर वास गेला, तो परत आला नाही. डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे तिने कित्येक महिने लवंग, गुलाब, लिंबू, निलगिरी यांच्या बाटल्या रोज नाकाशी धरून पाहिल्या, आणि मग एके दिवशी त्या चार बाटल्या फडताळात मागे सारून ठेवल्या. खारट, आंबट, गोड तिला कळते, तिखट झोंबते. त्यापलीकडे सारे सारखेच. मेथी आणि कोबी यांत तिला चावण्याचा फरक तेवढा जाणवतो. अशा अवस्थेतही ती पूर्वीसारखाच स्वयंपाक करीत राहिली, आणि पूर्वीसारखेच विचारीत राहिली, ‘‘कशी झालीय?’’ आता मात्र या प्रश्नाचा अर्थ बदलला होता. तो मला समजायला हवा होता. मी ‘‘बरी झालीय’’ म्हणत राहिलो.

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिने तिळाच्या वड्या केल्या. सबंध दिवस राबून थापलेल्या, सुरेख कापलेल्या वड्यांपैकी एक तिने माझ्या हातावर ठेवली. ती तोंडात टाकताच मला कळले की तीळ खवट आहेत. पण तिचे गुळाने माखलेले हात दिसत होते, डबे भरून झाले होते, आणि तासाभरात कॉलनीतल्या बायका यायच्या होत्या. मी म्हणालो, ‘‘बऱ्या झाल्यात.’’ दया केली, असेच मला तेव्हा वाटले.

बायका आल्या, गेल्या. आवरताना सोफ्याच्या कडेला कागदी रुमालात गुंडाळलेल्या, एकेक घास खाल्लेल्या वड्या तिला सापडल्या. दुसऱ्या दिवशी शेजारच्या तिच्या जुन्या मैत्रिणीने कुंपणापाशी हळूच विचारले, ‘‘अगं, तीळ मागच्या वर्षीचे होते का?’’ पत्नी आत आली. मी वर्तमानपत्र वाचत होतो. ती रागावली नाही. रागावली असती तर मला सोपे गेले असते.

‘‘तुम्हाला कळलं होतं ना?’’

मी होकारार्थी मान हलवली.

‘‘एवढी वर्षं चांगलं झालं तेव्हाही बरं, आणि काल खवट झालं तेव्हाही बरंच. मग मी ओळखायचं कशावरून?’’

तिने त्या दिवसापासून विचारणे बंद केले. पाठोपाठ, फार गाजावाजा न करता, तिने स्वयंपाकही आवरता घेतला. नाकावाचून जमेल तेवढेच ती करू लागली: कुकरच्या शिट्ट्या मोजून खिचडी, मोजक्या मिठाचे पिठले, दही-भात. कबूल करायला लाज वाटते, पण पहिले काही दिवस मला सुटल्यासारखे वाटले. रोज उत्तर द्यावे लागत नव्हते. मग एका दुपारी ध्यानात आले की जेवताना ती माझ्याकडे बघतच नाही. घास तोंडात जाताना आपल्याकडे कुणी बघत असते, ही गोष्ट किती मोलाची होती, हे ते थांबल्यावर मला समजले.

मी प्रयत्न केला. फार अवघडत एकदा म्हणालो, ‘‘आजचं पिठलं उत्कृष्ट झालं आहे.’’

ती म्हणाली, ‘‘उत्कृष्ट? माझा गोपनीय अहवाल लिहिताय का? खाली समाधानकारक, त्याखाली सुधारणेस वाव. सही करा आणि उठा.’’

हसण्याजोगेच होते ते, आणि ती हसलीही. परंतु मला आपली दरिद्री अवस्था उमगली. कालिदासाची उपमा समजावून सांगता येत होती, पण पिठल्याविषयी माझ्याजवळ दुसरा शब्द नव्हता.

शब्द मिळाले ते भाजीवालीकडे. कोथिंबीर, खरबूज या वास घेऊन निवडायच्या वस्तू पत्नीला जमेनात, म्हणून बाजार माझ्याकडे आला होता. गंगापूर रोडला सकाळी मखमलाबादकडच्या मळ्यांतल्या बायका भाजी घेऊन बसतात. त्यांच्यातली एक पन्नाशीची बाई, मी कोथिंबिरीची टवटवीत, मोठ्या पानांची जुडी उचललेली पाहून, म्हणाली, ‘‘बाबा, ती नुसती दिसायला भारी हाय, वास नाय तिला. ही गावठी घ्या. डोळ्यांनी काय कळतंय, नाकाला लावा की.’’

मी नाकाला लावली आणि, का कोण जाणे, विचारले, ‘‘कसला वास म्हणायचा हा, ताई?’’

शेजारची बाई फिदकन हसली. ‘‘बाबांनी परीक्षा मांडली आज,’’ ती म्हणाली. पण माझी भाजीवाली गंभीरपणे जुडी हातात घेऊन हुंगू लागली.

‘‘लिंबाचं पान चोळल्यावानी हाय,’’ ती म्हणाली, ‘‘अन् मागून वल्या बांधाचा येतो.’’

ते वाक्य मी, विसरू नये म्हणून, घरापर्यंत मनात घोकत आणले. पत्नी ओट्यापाशी कांदा चिरत होती. जुडी खाली ठेवून मी ते वाक्य जसेच्या तसे म्हणून दाखवले. सुरी थांबली.

‘‘आणि?’’ ती म्हणाली.

तो ‘आणि’ मी विसरणार नाही. घाईघाईने जुडी पुन्हा नाकाला लावून मी आणखी काही शोधू लागलो. देठाकडे थोडा मिरीसारखा, असे काहीसे बोललो. तिने डोळे मिटून ऐकले, आणि त्या दिवशी कित्येक महिन्यांनी तिने कोथिंबिरीच्या वड्या केल्या.

तेव्हापासून जेवताना मी बोलतो. हे लिहायला सोपे वाटते. करायला फार अवघड होते. पहिला घास कसा लागला, नंतर काय पुढे आले, लसूण वरचढ आहे का, कढीपत्ता मागे राहिला का. पुष्कळदा चुकतो. एकदा मी हिंग करपला असे ठामपणे सांगितले. तिने त्या आमटीत हिंग घातलाच नव्हता. माझ्या या चुका ती मुलीला फोनवर रंगवून सांगते. पण माझ्या सांगण्यावरून ती दुसऱ्या दिवशी फोडणी बदलते, आणि फरक खरोखर पडतो. जे अन्न मी चार दशके नुसते संपवले, ते आता पहिल्यांदा खातो आहे, असे म्हणावेसे वाटते. मेथीचा कडूपणा घास गिळल्यानंतर येतो, आधी नाही, हे मला या वयात कळले. आधी कळले असते तर ते तिलाही सांगता आले असते, तिला स्वतःला तो कळत होता तेव्हा. दोघांनी मिळून मान डोलावली असती.

घराबाहेरही सवय लागली. गेल्या हिवाळ्यात आम्ही निफाडला एका लग्नाला एसटीने जात होतो. उघड्या खिडकीतून धूर आला तेव्हा तिने नुसते माझ्याकडे पाहिले. उसाचे पाचट जाळताहेत, जळक्या गवतासारखा आहे, पण आत किंचित काकवी, असे मी सांगितले. पुढच्या बाकावरच्या गृहस्थांनी वळून आम्हा दोघांकडे पाहिले. मी संकोचून गप्प झालो. तिने मला कोपराने ढोसले.

इथेच थांबलो असतो तर ही गोष्ट सुखाची झाली असती.

आमच्याकडे दर चैत्रात वर्षाचा काळा मसाला होई. खोबरे, धणे, कांदा, मिरच्या, दगडफूल असे एकेक लोखंडी कढईत भाजून ती कांडपाच्या गिरणीत नेई. घड्याळ नाही, माप नाही. वास आला की ती आच बंद करी. तिचा मसाला मुलीच्या सासरी जाई, शेजारी जाई. आजारानंतर आम्ही विकतचा आणू लागलो. या चैत्रात ती म्हणाली, ‘‘यंदा घरी करू. मी भाजते, तुम्ही जवळ उभे राहून सांगा.’’ मी उत्साहाने उभा राहिलो. खोबरे तांबूस होऊ लागले. मी सांगत होतो: गोडसर आहे, आता तेलकट, आता भाजक्या शेंगदाण्याजवळ गेला. ती कालथा फिरवत ऐकत होती. मग तिने विचारले,

‘‘आता आपल्यासारखा येतोय का?’’

‘‘आपल्यासारखा म्हणजे?’’

‘‘आपल्या मसाल्यासारखा. पूर्वी यायचा तसा.’’

मी आठवू लागलो. तो वास दर चैत्रात आमच्या घरात भरून राहत होता, पडद्यांना, माझ्या सदऱ्यांना लागत होता. मी पलीकडच्या खोलीत वर्तमानपत्र घेऊन बसलेला असे. त्या वासासंबंधी मी दरवर्षी एकच वाक्य बोललो होतो: खिडकी उघड, ठसका लागतोय. माझ्या स्मरणात तो ठसका आहे. वास नाही.

खोटे सांगता आले असते. वड्यांच्या दिवशी सांगितले होते. मी म्हणालो, ‘‘मला आठवत नाही.’’

तिने अंदाजाने आच बंद केली. कालथा कढईतच ठेवून ती म्हणाली, ‘‘मलासुद्धा आता नीट आठवत नाही. म्हणून तर तुम्हाला विचारलं.’’

तिच्या नाकातून तो वास गेला होता. आता तो तिच्या आठवणीतूनही जात होता, आणि तो सांभाळून ठेवणारे दुसरे नाक घरात होते ते माझे. मुलीला फोन केला. तिला मसाल्याचा रंग आठवत होता, डबा आठवत होता. वास छानच असायचा, असे ती म्हणाली. तेवढेच तिलाही सांगता आले.

मसाला झाला. आमटीत घातल्यावर मी खरे ते सांगितले: खोबरे थोडे जास्त भाजले गेले आहे, शेवटी कडवट लागते. पुढच्या वेळी लवकर उतरवू, असे तिने ठरवले आहे. किती लवकर, ते दोघांनाही ठाऊक नाही.

म्हणून, ज्यांच्या घरी हा मसाला अजून होतो, त्या आपणांस विचारतो: खोबरे भाजताना ‘आता पुरे’ हे आपल्या घरात नेमक्या कोणत्या वासावरून ओळखतात?